होकायंत्राची कार्यमुक्ती

पोलीस ठाण्यात एक अलिखित कायदा असतो आणि तो लिखित कायद्यांपेक्षा जास्त पाळला जातो. कामाचा माणूस सोडायचा नाही, बिनकामाचा धरून ठेवायचा नाही. एखाद्या आळशाने दुसऱ्या शहराच्या पोलीस दलात जायचं म्हणून अर्ज टाकला, की त्याच्या कामाचं असं काही कौतुक कागदावर उतरतं की त्याच्या आईनेही ते कुणा दुसऱ्याच्याच मुलाचं समजावं. आठवड्याभरात स्वारी कार्यमुक्त. निरोपाचा चहा, एक हार, आणि मागून सगळ्यांचा सुटकेचा श्वास. तोच अर्ज राबणाऱ्याने केला तर साहेब आधी त्याची पाठ थोपटतात, मग अर्ज खणात टाकतात, आणि तिथे त्याचं भिजत घोंगडं पडतं.

आपल्या हवालदाराचं नेमकं हेच झालं होतं.

ठाण्यात त्याला सगळे होकायंत्र म्हणत. हरवलेली माणसं शोधावीत तर त्यानेच. त्यातही म्हातारी, विसरभोळी, घरचा पत्ता हरवून बसलेली माणसं. बाकीचे पोलीस विचारायचे, उंची किती, अंगात कुठला शर्ट, पायात काय. हा विचारायचा, काम काय करायचे, लग्नाआधी कुठे राहायचे, रागावले की कुठे जाऊन बसायचे. मग डोक्यावर टोपी ठेवून निघायचा आणि बहुतेक वेळा माणसाला घेऊनच परत यायचा. कुणी त्याची तारीफ केली की तो म्हणे, "हरवलेला माणूस हरवायला निघालेला नसतो हो. तो कुठेतरी पोचायला निघालेला असतो."

हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं होतं की ते बैठकांमध्ये स्वतःचं म्हणून सांगत.

त्याची बायको मात्र दुसऱ्या शहरात होती. तिथल्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासणीच्या विभागात तिला जागा मिळाली, तेव्हा दोघांनी ठरवलं होतं की ती लेकीला घेऊन पुढे जाईल आणि हा मागून येईल. मागून येणं म्हणजे किती मागून, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. लेक तिथल्या शाळेत गेली, तिथल्या मैत्रिणींसारखी बोलायला लागली. हा सुट्टीला गेला की पहिला दिवसभर ती त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तशी अदबीने बोलायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठे मांडीवर येऊन बसायची, आणि तोवर ह्याची परतीची गाडी लागलेली असायची.

नोकरीत असताना दुसऱ्या दलात जायचे नियम कागदावर अगदी सोपे आहेत. तिकडे जागा रिकामी हवी, होती. अंगावर खात्याची चौकशी नको, नव्हती. सेवाज्येष्ठता सोडून द्यायची, म्हणजे तिकडच्या यादीत सगळ्यात खाली जाऊन उभं राहायचं, काल भरती झालेल्या पोराचे हुकूम ऐकायचे. त्याने मान्य केलं होतं. वय चाळिशीच्या आत हवं. ते अजून होतं, पण तीन महिन्यांनी नसणार होतं. आणि शेवटची अट, आपल्या साहेबांनी सोडलं पाहिजे.

गाडं अडलं होतं ते तिथेच.

"अरे, तू गेलास तर मी काय करू?" पहिला अर्ज घेऊन गेला तेव्हा साहेब म्हणाले होते. "ठाण्यात आहे कोण दुसरं? तुझ्याशिवाय पान हलत नाही माझं." दुसऱ्या अर्जाच्या वेळी तर त्यांनी उठून जवळ येऊन पाठ थोपटली. त्या थापेने त्याला भिंतीतल्या खिळ्यासारखं वाटलं. प्रत्येक शाबासकीबरोबर आणखी थोडा आत. शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. कौतुक करणाऱ्याशी माणूस भांडणार कसा?

आता तिसरा अर्ज. वयाचं बघता शेवटचा.

अशा वेळी त्याला गुरू भेटला तो उद्याराम. उद्याराम हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ठाण्याच्या दर्शनी टेबलावर बसणारा हा हवालदार आल्यागेल्याला "उद्या या" म्हणत असे, म्हणून पडलेलं नाव. माणूस मनाने चांगला. फक्त काम दिसलं की त्याला झोप यायची.

"तुझं चुकतंय कुठे सांगू?" उद्याराम खुर्चीत रेलून म्हणाला. "तू उपयोगी आहेस. आता तो आपला ढेरपोट्या आठव. काय कामाचा होता? पण साहेबांनी त्याच्याबद्दल काय लिहून पाठवलं, 'अत्यंत कर्तव्यदक्ष'. गेला की नाही वाऱ्यासारखा!"

"म्हणजे मी काम बिघडवू?"

"छे छे! वाईट व्हायचं नाही हं. वाईट झालास की चौकशी लागणार, चौकशी लागली की अर्ज बाद. इकडे आड, तिकडे विहीर. आपल्याला व्हायचंय फक्त निरुपयोगी. त्याला अक्कल लागते, लेका."

मग उद्यारामाने त्याला ती विद्या शिकवली. कुठल्याही कामाला नाही म्हणायचं नाही, 'बघतो' म्हणायचं. बघायचं नाही. साहेबांनी एक सांगितलं की दहा मिनिटांनी परत जाऊन तेच विचारायचं. पेन हरवायचं. फोन वाजला की आपणही आश्चर्याने त्याच्याकडे बघत राहायचं. आणि मुख्य म्हणजे चेहऱ्यावर कष्ट दिसले पाहिजेत, काम नाही.

शिकायला सोपं वाटतं, पण जन्मभर सरळ चाललेल्याला लंगडायला सांगा आणि बघा. पहिल्याच दिवशी त्याने एक पाकीट चोरीची तक्रार 'बघतो' म्हणून बाजूला सारली आणि जेवणाच्या सुट्टीत गुपचूप जाऊन पाकीट शोधून आणलं. उद्यारामाने कपाळावर हात मारला. "अरे, उपास सोडायला एवढी घाई!"

पण हळूहळू जमू लागलं. हरवलेल्या माणसांच्या तक्रारी आल्या की तो कपाटामागे जाऊन जुने कागद चाळत बसे. कानात बोटं घालता येत नसत, म्हणून मनातल्या मनात पाढे म्हणे. वायरलेसवर बसणाऱ्या ताईला वाटलं, ह्याला काहीतरी दुखणं लागलंय. "दादा, एकदा डॉक्टरला दाखवा," ती दोनदा म्हणाली. दोन म्हातारे ह्या काळात हरवले. एक आपला आपण घरी आला. दुसरा दोन रात्री बाहेर काढून शेजारच्या गावच्या पोलिसांना सापडला, तापाने फणफणलेला. त्या रात्री होकायंत्राला जेवण गेलं नाही. सकाळी आरशात दाढी करताना स्वतःच्या तोंडाकडे बघायची त्याला लाज वाटली. तरी तो कामावर गेला आणि दिवसभर 'बघतो' म्हणाला.

साहेबही कंटाळत चालले होते. आधी म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?" मग म्हणाले, "तुझं डोकं हल्ली कुठे असतं?" आणि एक दिवस त्याने तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तेव्हा साहेबांनी चष्मा काढून टेबलावर टाकला. "तुझं लक्ष लागत नाही इथे, उगाच धरून ठेवण्यात काय अर्थ आहे? जा बाबा तिकडे. कागद तयार करायला सांगतो. शुक्रवारी सही घेऊन जा."

बाहेर येऊन त्याने लगेच बायकोला फोनवर सांगितलं.

"खरंच?" ती म्हणाली. "अहो, नक्की ना? मी तिला सांगू का?"

"अजून नको. शुक्रवारी सांग."

"कपाटाचा एक खण मी रिकामा केलाय, गणवेशासाठी," ती म्हणाली, आणि मग दोघंही उगाचच हसत राहिली.

गुरुवारी दुपारी एक बाई ठाण्यात आली. चाळिशीची, दोन पायांत घाईत घातलेल्या दोन वेगळ्या चपला. तिचे वडील सकाळी उशिरा घराबाहेर पडले होते ते परत आले नव्हते. डोकं आता जागेवर नसतं, ती म्हणाली. मुलीला कधी ओळखतात, कधी नाही.

उद्याराम टेबलावर होता. होकायंत्र कपाटामागे, पाढे म्हणत.

"उंची?" उद्याराम विचारत होता. "शर्ट कुठला? बरं. व्यवसाय?"

"निवृत्त."

उद्यारामाने 'निवृत्त' लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळला. कपाटामागे बारा साते चौऱ्याऐंशीवर अडलेल्या माणसाच्या जिवाची नुसती तगमग झाली. निवृत्त, पण कशातून? अरे, विचार की!

"निघताना काही बोलले का?"

"हो, म्हणाले, उशीर होतोय. तेच तर, जायचं कुठे असतं त्यांना?"

"बरं. नोंद झाली. उद्या या."

बाई फाटकापर्यंत गेली असेल नसेल, हा मागच्या दाराने बाहेर पडून तिच्यासमोर उभा. सहज भेटल्यासारखं त्याने विचारलं, "ताई, वडील नोकरी कुठे करायचे हो?"

"सिनेमाच्या थिएटरात. मशीन चालवायचे, पडद्यावर चित्र सोडायचं. पण ते थिएटर कधीच बंद पडलं हो. काय संबंध त्याचा?"

"काही नाही. असंच विचारलं," तो म्हणाला.

त्या थिएटरच्या जागी आता फर्निचरचं दुकान होतं. पुढून सगळी काच आणि दिवे. मागच्या गल्लीत मात्र जुनी भिंत तशीच होती, आणि भिंतीला चिकटून वरच्या मशीनच्या खोलीकडे जाणारा लोखंडी जिना. म्हातारा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. केस विंचरलेले, शर्ट स्वच्छ, चेहऱ्यावर काळजी.

"दार उघडलं नाही अजून," तो होकायंत्राला म्हणाला. "खेळाची वेळ झाली. पब्लिक ओरडेल."

होकायंत्र शेजारी बसला. दोन महिन्यांनी त्याला छातीभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. "काका, आज वीज नाही. खेळ रद्द झालाय. मालकांनी सुट्टी दिलीय सगळ्यांना."

म्हाताऱ्याने विचार केला. "पगारी?"

"पगारी."

"मग ठीक आहे. उद्याचं काय?"

"उद्या वेळेवर या," तो हसत म्हणाला.

घरी पोचवायला त्याने स्वतः जायचं नव्हतं. गेला असता तर बाईने हात जोडले असते, गल्लीत बोभाटा झाला असता, आणि रात्रीपर्यंत साहेबांच्या कानावर गेलं असतं की होकायंत्र पुन्हा दिशा दाखवायला लागलं. म्हणून त्याने उद्यारामाला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत खिशातलं न पुसणारं पेन काढून म्हाताऱ्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहिला. सापडलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या कॉलरवर तो लिहायचाच, आणि ठाण्याचा फोन कुणी उचलत नाही म्हणून स्वतःचाच लिहायचा. जित्याची खोड. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"तू शोधलंस म्हणून सांग," त्याने उद्यारामाला बजावलं. "कुठे सापडले म्हणून विचारलं तर बाजारात म्हण. इथलं नाव घेऊ नकोस, नाहीतर ती म्हणेल, गणवेशातल्या एकाने वडिलांच्या नोकरीचं विचारलं होतं."

"आयत्या बिळावर नागोबा होतो मी," उद्याराम खुशीत म्हणाला, आणि म्हाताऱ्याचा हात धरून निघाला.

शुक्रवारी तो इस्त्री केलेल्या गणवेशात साहेबांसमोर उभा राहिला. कागद टेबलावर होता. साहेब मजेत होते.

"उद्यारामाने काल कमाल केली, ऐकलंस का? संध्याकाळच्या आत म्हातारा घरी. मी म्हटलं, चला, दुसरं कुणीतरी तयार होतंय." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "म्हणजे तुझ्याशिवायही चालेल म्हणायचं."

हे ऐकून त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण कुठेतरी जरा लागलंच. माणूस मोठा विचित्र प्राणी.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अनोळखी नंबर. त्याने कापला. साहेब कागद वरपासून वाचत होते. सही करण्याआधी ते प्रत्येक ओळ वाचत. फोन पुन्हा वाजला.

"घे रे. घरून असेल, वाट बघत असतील."

त्याने घेतला. पलीकडे फर्निचरच्या दुकानाचा राखणदार होता आणि तो ओरडत होता. एक म्हातारे गृहस्थ मागच्या जिन्याने वर चाललेत. खाली धरलं होतं तेव्हा कॉलरवर हा नंबर दिसला, पण हिसका देऊन सुटले. आता पार वर, बंद दारापाशी उभे आहेत. तिथला कठडा गंजलाय, एका बाजूने सुटलाय. आम्ही चढायला लागलो की ते मागे सरकतात. म्हणतात, मला कामावर बोलावलंय, आज वेळेवर या म्हणून सांगितलंय.

होकायंत्राला कालचं आठवलं. उद्या वेळेवर या. हे आपणच बोललो, हसत बोललो. नेहमी तो घरी जायचा, घरच्यांना बाजूला घेऊन सांगायचा की ते कुठे जात होते, उद्याही तिथेच जातील, ह्या वेळेला दार लावून घ्या. काल त्याने फक्त स्वतःला लपवलं होतं. घरच्यांना बिचाऱ्यांना बाजार एवढंच माहीत.

समोर साहेब शेवटच्या ओळीवर आले होते. एक सही. किती वेळ लागतो एका सहीला?

"साहेब," तो म्हणाला, आणि आपल्याच आवाजाची त्याला भीती वाटली, "आधी सही करता का? मग सांगतो."

त्याने गप्प राहून वाट बघितली असती तर कदाचित सही झालीही असती. पण साहेब शेवटी पोलीस होते. आधी सही करा म्हणणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पुष्कळ पाहिला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आधी सांग."

त्याने सांगितलं. सगळं नाही, पण पळता पळता जेवढं सांगता येतं तेवढं. कारण सांगत सांगतच तो दाराबाहेर पडला होता.

गल्लीत ही गर्दी जमली होती. दुकानातली गिऱ्हाइकं, राखणदार, रस्त्यावरचे बघे, सगळे माना वर करून. म्हातारा वर अरुंद लोखंडी फळीवर उभा होता, एका हाताने बंद दार ठोकत. दुसरा हात त्या सुटलेल्या कठड्यावर. होकायंत्र जिना चढू लागला. घाई न करता, रोज चढणाऱ्या माणसासारखा.

"तुम्हीच म्हणालात ना वेळेवर या!" म्हाताऱ्याने त्याला लांबूनच ओळखलं. ज्याला पोटची मुलगी धड आठवत नव्हती त्याला हा बरोबर आठवला. "आलो तर दार बंद. माझी नोकरी घालवायचीय का?"

"तुमची नोकरी कोण घालवणार, काका?" तो दोन पायऱ्या खाली थांबला. पुन्हा वीज गेली म्हणावं, तर म्हातारा पुन्हा उद्याचं विचारणार. उद्या नको होता त्याला. उद्याला कायमचं दार लावायचं होतं. तेवढ्यात त्याची नजर खाली गेली.

"खेळ झाला, काका. आत्ताच सुटला," तो म्हणाला. "आणि तो शेवटचा खेळ होता. ते बघा, पब्लिक बाहेर पडतंय."

म्हाताऱ्याने दार ठोकायचं थांबवलं. खाली वाकून बघितलं. सगळी गल्ली माणसांनी भरलेली, सगळ्यांची तोंडं वर.

"एवढं पब्लिक?"

"हाऊसफुल्ल गेला."

"मध्ये कुठे फिल्म तुटली नाही ना?"

"एकदाही नाही."

म्हाताऱ्याने हळूहळू मान हलवली. खिशातून रुमाल काढून हात पुसले, एक एक बोट, तेल लागल्यासारखे. "चला मग," तो म्हणाला, आणि कठडा सोडून होकायंत्राच्या खांद्यावर हात ठेवला. एक एक पायरी करत दोघं खाली उतरले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याने त्या मानेने स्वीकारल्या.

जिन्याच्या खाली मुलगी रडत उभी होती, आणि तिच्या शेजारी साहेब. तिला घरून जीपमध्ये घेऊन ते मागोमाग आले होते.

ह्या वेळी त्याने मुलीला सगळं नीट सांगितलं. जिना, वेळ, दार, काल कुणी शोधलं आणि कुणी लपवलं, सगळं. साहेब ऐकत होते. ती त्याचे हात हातात घेऊन साहेबांना म्हणाली, "साहेब, ह्या माणसाला कुठे जाऊ देऊ नका हो!" बिचारीला काय ठाऊक, ती काय मागतेय.

दोघं जीपमध्ये बसले, जीप ठाण्याकडे निघाली.

"दोन महिने नाटक केलंस," साहेब म्हणाले.

"हो."

"मी फसलो की रे." मग थोड्या वेळाने, "आज तू तिकडे असतास तर त्या जिन्यावर कोण चढलं असतं?"

"उद्याराम."

एरवी दोघं हसले असते.

"मी सही करणार नाही," साहेब म्हणाले. "शिव्या दे मला हव्या तर. पुढच्या वर्षी बघू."

"साहेब, पुढच्या महिन्यात माझं वय उलटतं. पुढचं वर्ष नाही मला."

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माहीत आहे मला. मीही केला होता अर्ज, तुझ्याएवढा असताना. माझे साहेब फार कौतुक करायचे माझं."

त्याला वाटलं, चालत्या जीपचं दार उघडून उडी मारावी. ओरडावं, की तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही ह्यातून गेला आहात, आणि तरी? पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून त्याच्या लक्षात आलं की हा माणूसही कुठे जाऊ शकलेला नाही, आणि अडकलेल्यावर अडकलेला काय ओरडणार.

"मग उद्यापासून मी खरंच काम करणार नाही," तो म्हणाला.

"करशील," साहेब म्हणाले, अगदी मायेने.

संध्याकाळी त्याने बायकोला फोन केला. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "सापडले ना ते? लागलं तर नाही कुठे?" नाही म्हटल्यावर "बरं झालं," म्हणाली. लेकीला फोन द्यायला त्याने सांगितलं नाही आणि तिनेही दिला नाही.

तो कामाला लागला. दुसरं काय करणार? म्हाताऱ्या माणसांच्या तक्रारी पुन्हा त्याच्याकडे येऊ लागल्या, उद्याराम पुन्हा झोपू लागला, वायरलेसवाली ताई म्हणाली, "दादा, तब्येत सुधारली हो तुमची." चाळिसावा वाढदिवस आला आणि ठाण्यात कुणाला न सांगता गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात बायकोचा भर दुपारी फोन आला. एरवी ती कामाच्या वेळी कधी फोन करत नसे.

"अहो, मी राजीनामा दिला," ती म्हणाली. "आम्ही येतोय. शाळेचंही बोललेय."

त्याच्या छातीत आधी आनंदच उसळला, हे खोटं कशाला सांगायचं. लेक रोज दिसणार. मग त्याला आठवलं की नुकतीच तिला तिथल्या विभागाची प्रमुख केली होती. सहा जण तिच्या हाताखाली होते. फोनवर त्या सहा जणांच्या तक्रारी सांगताना ती केवढी ऐटीत असायची.

"अगं, पण तुझं काम... सोडलं त्यांनी तुला?"

"लगेच. उभ्याउभ्याच वाचला अर्ज, उभ्याउभ्याच सही केली. म्हणाले, घरचं कारण आहे, आम्ही कशाला अडवू? खूप चांगले आहेत ते." ती हसली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "मला वाटलं होतं, निदान एकदा तरी थांबा म्हणतील."

फोन अजून त्याच्या कानालाच होता. समोर बाकावर एक मुलगा येऊन बसला होता, आजी सकाळपासून घरी आली नाही म्हणून. होकायंत्राने त्याला हातानेच थांबायची खूण केली.